अर्ध्या मात्रेची पऱ्हाटी

बी.एस्सी.च्या जनुकशास्त्रात 'डोसेज कॉम्पेनसेशन' हा भाग दीड पानात आटोपतो. मादीत एक्स गुणसूत्रं दोन, नरात एक. म्हणजे एक्सवरच्या शेकडो जनुकांचा माल मादीत दुप्पट निघायला हवा, तो निघत नाही, का? उत्तरही ठरलेलं. 1961 मध्ये मेरी लायन या इंग्रज बाईंनी मांडलं की सस्तन प्राण्यांच्या मादीत प्रत्येक पेशी भ्रूणावस्थेतच दोनातलं एक एक्स बंद करते. कुठलं बंद करायचं हे ती पेशी स्वतः ठरवते, आणि पुढे तिच्या वंशातल्या पेशी तोच निर्णय पाळतात. खाली कबऱ्या मांजराचं चित्र. पाच गुणांचा प्रश्न, चौकटीत उत्तर, पुढचा धडा.

पांढरकवड्याकडच्या एका कॉलेजात मी हा धडा वीसेक वर्षं शिकवते आहे. मांजराचं उदाहरण पोरांना आवडतं, कारण ते घरी जाऊन तपासता येतं. पिवळा आणि काळा रंग ठरवणारं जनुक एक्सवर, म्हणून दोन्ही रंगांची ठिगळं अंगावर दिसली की ती मांजर मादी. बोका निघालाच तर त्याच्यात बहुधा एक एक्स जास्तीचं. ते जनुक नेमकं कोणतं हे 2025 मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी शोधून काढलं, तेव्हा मी बातमी वर्गात वाचून दाखवली. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, मांजर झालं. पऱ्हाटीचं काही हाय का यात?"

पोरगा चेष्टा करत होता. पण आमच्या वर्गात कापसाचं वावर नसलेलं घर शोधावं लागतं, आणि त्या प्रश्नाचं खरं उत्तर 'पुष्कळ आहे' असं आहे. पुस्तकात ते नाही, एवढंच.

या धड्याचं प्रात्यक्षिक म्हणजे बार बॉडी. बंद पडलेलं एक्स पेशीकेंद्राच्या कडेला आकसून बसतं, रंग दिला की गडद ठिपका दिसतो. 1949 मध्ये कॅनडात मरे बार आणि बर्ट्रम यांना तो पहिल्यांदा दिसला, तोही मांजराच्याच चेतापेशींत. कॉलेजात मुलींच्या गालाच्या आतल्या बाजूने काडीने खरवडून स्लाइड करायची पद्धत होती. मी ती बंद केली. सुमारे अडीच हजार मुलींत एक टर्नर सिंड्रोमची असते, तिच्यात एक्स एकच. मुलांत सहाशे-सातशेत एकाकडे एक्स जास्तीचं असतं. वीस जणांच्या देखत सूक्ष्मदर्शकाखाली कुणाच्या तरी आयुष्यातली अशी गोष्ट उघडी पडावी, आणि ती एका प्रात्यक्षिकाच्या वहीसाठी, हे मला पटत नाही. तत्त्व मात्र मी टर्नरवरूनच समजावते. एक एक्स जर बंदच पडणार असेल, तर एकच असलेल्या मुलीला त्रास का व्हावा? कारण 'बंद' एक्सवरची सुमारे पंधरा टक्के जनुकं बंद होतच नाहीत. त्यांची मात्रा दोनच लागते. निसर्गाने सगळ्यांना एकच नियम लावलेला नाही, हे पोरांना इथे पहिल्यांदा कळतं.

मग स्लाइड कशाची करायची? उत्तर कॉलेजच्या कुंपणावरच होतं. 2007 च्या आसपास विदर्भातल्या कपाशीवर पिठ्या ढेकूण आला. गाजरगवतावर, जास्वंदीवर, भेंडीवर, मग पऱ्हाटीच्या शेंड्यांवर कापूस चिकटल्यासारखा पांढरा थर. बाहेरदेशातून आलेली जात, फेनाकॉकस सोलेनोप्सिस. लोकांनी फवारण्या केल्या, पण अंगावर मेणाचा भुगा असल्याने औषध पोहोचेना. शेवटी त्याला आवर घातला तो एका इवल्याशा परजीवी माशीने. ढेकणाच्या पोटात अंडी घालते, आणि ढेकूण तपकिरी, टणक कोष होऊन काडीला चिकटून राहतो. शास्त्रज्ञांनी तिला एनासियस बंबावालेई नाव दिलं, कीडव्यवस्थापनातले शास्त्रज्ञ डॉ. बंबावाले यांच्यावरून. पुढे ती आधीच अमेरिकेत नोंदलेली जात निघाली आणि नाव बदललं. आमच्या पोरांच्या वहीत अजून बंबावालेईच आहे.

तर हा पिठ्या ढेकूण मात्रेच्या बाबतीत जगावेगळा आहे. त्याच्यात लिंगगुणसूत्रंच नाहीत. नर आणि मादी दोघांनाही आईकडून एक संच, बापाकडून एक संच. मादीत दोन्ही संच कामाला. नर व्हायचा असेल, तर भ्रूण अगदी लहान असतानाच बापाकडून आलेला सगळा संच आवळून, घट्ट गोळा करून बंद केला जातो. एक गुणसूत्र नव्हे, पूर्ण संच. आणि पुढे तो नर जेव्हा शुक्रपेशी तयार करतो, तेव्हा बापाचा संच टाकूनच देतो. पुढच्या पिढीला फक्त आजीचा वारसा जातो. श्रेडर दांपत्याने 1920 च्या दशकात यावर काम सुरू केलं. भारतात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एच. शरत्चंद्र यांनी अमेरिकेतल्या स्पेन्सर ब्राउन यांच्या जोडीने यावर विचार केला. बापाच्या गुणसूत्रावर 'बापाचं' अशी खूण राहते, ही कल्पना ढेकणावरून उचलून त्यांनी 1975 मध्ये सस्तन प्राण्यांच्या एक्सला लावून पाहिली. आज ज्याला जीनोमिक इम्प्रिंटिंग म्हणतात, त्या विचाराच्या सुरुवातीच्या टप्प्यांत हे काम मोजलं जातं.

आणि हे सगळं आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. जुलैत पहिली झड येऊन गेली की पोरं गाजरगवताचे शेंडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणतात. फुगलेली मादी वॉच ग्लासमध्ये मिठाच्या पाण्यात ठेवायची, सुईने पोट उकलायचं. आत तांदळाच्या कणीहून लहान, पिवळसर भ्रूण ओळीने असतात. एक भ्रूण स्लाइडवर, वर ॲसिटो-ऑरसीनचा थेंब, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कव्हरस्लिप ठेवून टिपकागदावरून अंगठ्याने सरळ दाबायचं. सरकवलं की संपलं. मग चाळीसच्या भिंगाखाली पाहायचं. एका भ्रूणाच्या सगळ्या पेशींची केंद्रकं एकसारखी फिकट, मातकट गुलाबी. शेजारच्या स्लाइडवर प्रत्येक केंद्रकात एक गडद गोळा, जवळजवळ काळा. दरेक पेशीत, एकही चुकार नाही. तो गोळा म्हणजे बापाचा अख्खा संच. "म्हणजे मॅडम, हा पोरगा हाय," असं कुणीतरी म्हणतंच. मी हो म्हणते. इथे लिंग ओळखून कुणाचं काही बिघडत नाही.

फळमाशीचं प्रात्यक्षिक त्या मानाने रुक्ष, पण मी एक नाव मुद्दाम घेते. 1932 मध्ये हर्मन मुलर यांनी या प्रकाराला डोसेज कॉम्पेनसेशन हे नाव दिलं ते फळमाशीवरून, आणि तिथली तऱ्हा आपल्या उलट आहे: मादीची दोन्ही एक्स चालू राहतात, नर आपलं एकुलतं एक्स दुपटीने राबवतो. हे थेट आरएनए मोजून दाखवणाऱ्यांत कोलकात्याचे आनंद मुखर्जी होते, जर्मनीत वोल्फगांग बीअरमान यांच्यासोबत, 1965 साली. केळ्याच्या गराने भरलेल्या बाटलीकडे बघून जांभया देणारी पोरं 'आपला माणूस होता' म्हटल्यावर क्षणभर ताठ बसतात.

ऑगस्टमध्ये धुऱ्यावरचा धोतरा बोंडावर येतो. वर्गातल्या पोरांना तो महादेवाला वाहायचा म्हणून माहीत. मला तो अल्बर्ट ब्लेकस्ली यांच्यामुळे. अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बरला 1920 च्या दशकात त्यांनी आपल्या धोतऱ्याच्या एका भाऊबंदावर काम केलं. या झाडात गुणसूत्रांच्या बारा जोड्या. त्यांना अशी झाडं मिळाली की ज्यांत एकाच जोडीत दोनाऐवजी तीन गुणसूत्रं होती. बारा जोड्या, बारा प्रकारची झाडं, आणि बाराही प्रकारांचं बोंड वेगळं: एक गोल गरगरीत, एक लांबट, एकाचे काटे आखूड. एका गुणसूत्राची जास्तीची प्रत एवढ्याने झाडाचा चेहरामोहरा फिरला. पण ज्या झाडात सगळीच गुणसूत्रं दुप्पट झाली, ते मात्र बरंचसं नेहमीसारखंच दिसलं. यावर एका पोरीने दिलेलं स्पष्टीकरण मी आता दरवर्षी वापरते. ती म्हणाली, लग्नात पन्नासाऐवजी शंभर पानं उठली तर सगळंच दुप्पट घालतो, भाजी तीच राहते. तिखट एकच दुप्पट पडलं की पंगत उठते. मला याहून नेमकं सांगता आलेलं नाही. एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत, म्हणजे डाउन सिंड्रोम, ही याच जातीची गोष्ट. पॅरिसमध्ये 1959 ला ते कळलं. तीनशेच्या वर जनुकं दीडपट झाली, बाकीची होती तेवढीच राहिली.

आणि पऱ्हाटी स्वतः? आजोबांच्या काळातली देशी कपाशी, आखूड धाग्याची, तिच्यात 26 गुणसूत्रं. आता सगळीकडे दिसते ती अमेरिकन, हिर्सुटम, तिच्यात 52. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी दोन वेगळ्या कपाशींचे संच एकत्र आले आणि दुप्पट होऊन नांदले. सगळंच दुप्पट, म्हणून चाललं. नांदता नांदता काही जनुकांच्या प्रती गप्प झाल्या, काहींनी वेगळी कामं उचलली.

सप्टेंबरात कामगंध सापळे लागतात. पिवळ्या पिशवीत सकाळी राखी, धुळकट पतंग पडलेले. गुलाबी बोंडअळीची मादी जो वास सोडते, तो दोन रेणूंचं जवळपास निम्मं-निम्मं मिश्रण आहे; 1973 मध्ये ते ओळखून बनवता आलं, आणि आता रबराच्या इवल्या गोळीत भरून विकत मिळतं. पिशवीत फक्त नर येतात. पोरं पिशवी वर्तमानपत्रावर रिकामी करतात तेव्हा मी विचारते, यांची लिंगगुणसूत्रं कोणती? सगळे एक्सवाय म्हणतात. नाही. पतंगांत उलटं असतं, नराकडे दोन सारखी, त्यांना झेड म्हणतात. मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. मग मात्रेची तडजोड इथे कोण करतं? नर करतो, पण आपल्या मादीसारखं एक गुणसूत्र बंद करून नव्हे. तो दोन्ही झेडचा आवाज कमी करतो. रेशीमकिड्यात हे काम कसं चालतं ते 2014 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं: मास्क्युलिनायझर नावाचं जनुक नर घडवतं आणि तेच झेडला आवरतं. ते जनुक दाबून टाकलं, तर नर भ्रूण मरतात, कारण झेडवरचं सगळं दुपटीने बोलू लागतं.

कोंबड्यातही झेड-डब्ल्यूच, पण तिथे हा हिशेब अर्धवटच जुळवलेला. झेडवरच्या एका जनुकाच्या दोन मात्रा मिळाल्या की वृषण होतं, एक मिळाली की अंडाशय. कोंबडा मात्रेनेच कोंबडा. हे सांगितलं की पोट्टे एकमेकांकडे बघून हसतात. हसू द्यावं.

अळीचं लिंग ओळखायला गुणसूत्रं लागत नाहीत. पूर्ण वाढलेली गुलाबी अळी बोटावर घेऊन उजेडात धरली की नराच्या पाठीवर, पोटाच्या मध्याला, कातडीखालून गडद डाग दिसतो, ते वृषण. वावरात जन्म गेलेल्या पोरांनीही ते कधी पाहिलेलं नसतं. अळी दिसली की चिरडायची, हीच सवय.

ही अळी नवी नाही. 1843 मध्ये सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने तिचं पहिलं वर्णन केलं ते हिंदुस्थानातल्या कपाशीवरच्या नमुन्यांवरून. 2002 मध्ये अळीसाठीचं विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांची बीजी-टू आली, आणि काही वर्षं खरोखर अळी दिसेनाशी झाली. आमच्या घरी सासरे म्हणायचे, बोंड फोडून अळी दाखवणाऱ्याला चहा. मग 2010 मध्ये गुजरातेत पहिल्या जनुकाला अळी पुरून उरल्याचं जाहीर झालं, पुढच्या चार-पाच वर्षांत दुसऱ्यालाही. 2017 च्या खरिपात ती इथे आली. त्याच हंगामात पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, त्यातून फवारे तोंडावर उडत. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली. वर्गातल्या एका मुलीचे वडील तेव्हा दवाखान्यात होते, डोळ्यांची आग आणि उलट्या. ते वाचले. दिवाळीनंतर त्याच वावरात बोंडं फुटली तेव्हा निम्मा कापूस कवडी निघाला.

त्या वर्षीपासून मी नोव्हेंबरात एक प्रात्यक्षिक घेते. प्रत्येकाने घरच्या वावरातलं एक हिरवं, भरलेलं बोंड आणायचं. फोडलं की आत चार-पाच कप्पे, प्रत्येकात सात-आठ सरक्या, ओल्या धाग्यात गुंतलेल्या. सरकीचं टरफल पूर्ण काढून टाकायचं, कारण टरफल हा आईच्या झाडाचा भाग. आतला गर, म्हणजे भ्रूण, ही पुढची पिढी. गर वेगवेगळ्या नळीत चेचून त्यात बीटी तपासायची पट्टी बुडवायची. गर्भतपासणीच्या पट्टीसारखीच दिसते. एक रेघ म्हणजे पट्टी चांगली आहे, दुसरी रेघ म्हणजे विष आहे. आणि दरवेळी वर्गात गलका होतो, कारण एकाच बोंडातल्या काही सरक्यांना दुसरी रेघ येतच नाही. "माझं बियाणं बोगस निघालं काय?"

बोगस नाही. मेंडेल आहे. भारतात विकलं जाणारं बीटी बियाणं जवळपास सगळं संकरित. संकरात दोन्ही आईबाप बीटीचे असायची गरज नसते, म्हणून झाडाला बीटी जनुकाची एकच प्रत मिळते. अर्धी मात्रा. झाडाच्या पानात, बोंडाच्या सालीत ती एक प्रत विष तयार करते. पण झाड स्वतःशीच फळलं की पुढच्या पिढीत वाटणी होते: चारातल्या एका सरकीला दोन प्रती, दोघींना एक, आणि एकीला शून्य. बीजी-टूमध्ये दोन जनुकं, त्यामुळे सोळातली एक सरकी दोन्ही विषांपासून मोकळी. तीस-बत्तीस सरक्यांच्या बोंडात अशा दोन. पट्टी एका विषाची असल्याने आम्हाला चौथा हिस्सा कोरा दिसतो.

बाकीच्या बोंडअळ्या मुख्यतः पानं, पात्या, बोंडाची साल खातात. गुलाबी अळी सरकी खाते. एका सरकीतून दुसरीत भोक पाडून जाते. कप्प्यात ओवल्यासारख्या दोन सरक्या चिकटलेल्या दिसतात, ते तिचंच काम. म्हणजे ती आयुष्यभर विषाचे वेगवेगळे डोस चाखत जाते. शिवाय ती येते उशिरा, आणि विष झाडात वयाप्रमाणे उतरत जातं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हे मोजून दाखवलं होतं, साधारण 110 दिवसांनंतर पातळी कामाच्या मर्यादेखाली.

आता अळीची बाजू. विषाला कुलूप म्हणून अळीच्या आतड्यात एक प्रथिन असतं, कॅडहेरिन. त्याचं जनुक बिघडलं की विष चिकटत नाही. पण जनुकाच्या दोन प्रती असतात, आणि एक जरी शाबूत असेल तरी विष तिथे धरतं. म्हणून प्रतिकार हा दोन्ही प्रती बिघडलेल्या अळीतच पूर्ण दिसतो. विष भरपूर असेल तर एक प्रत बिघडलेली अळीही मरते. विष कमी पडलं तर? तिथे ती अर्धवट अळी जगते, आणि तिच्याच पिल्लांतून दोन्ही प्रती बिघडलेल्या निपजतात. झाडाकडे अर्धी मात्रा, अळीकडे अर्धी मात्रा. सगळा सामना या दोन अर्ध्यांच्या मधल्या फटीत झाला.

हे सांगत होते तेव्हा झरी-जामणीकडून येणारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माझं पण अर्धंच हाय ना." तिच्याकडे सिकलसेलच्या तपासणीचं कार्ड होतं, वाहक म्हणून. आमच्या भागात हा विषय पुस्तकातला नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी 1958 मध्ये मध्य भारतात सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये केली होती. जुलै 2023 मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यावर कोलाम पोडांवरही, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवरही, तपासणीचे कॅम्प लागले. मी तिला म्हटलं, तुझी शाबूत प्रत पुरेशी आहे, तू आजारी नाहीस. प्रश्न जोडीदाराचाही वाहक असण्याचा. तिने विचारलं की मग तिच्या मावशीच्या दोन मुलांत, दोघंही पूर्ण सिकलसेलचे, एकाला महिन्या-महिन्याला रक्त आणि दुसरा गुरं वळतो, असं का? हा प्रश्न धड्याच्या गाभ्याचा. हिमोग्लोबिनमध्ये अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्या लागतात. बीटाच्या प्रती दोन, अकराव्या गुणसूत्रावर. अल्फाच्या चार, सोळाव्यावर. इथल्या आदिवासी समाजांत अल्फाची एखादी-दुसरी प्रत गळालेली असणं बरंच आढळतं. एरवी ही खोटच, पण सिकलसेल असलेल्याच्या पेशीत त्यामुळे बिघडलेल्या हिमोग्लोबिनची दाटी कमी होते आणि तांबड्या पेशी कमी फुटतात. गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही कुणात जास्त टिकतं, त्याचाही आधार मिळतो. त्या दोन भावांत नेमकं काय झालं ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, हेही मी तिला म्हटलं.

कापसाकडे परत येते, कारण वर्गही तिथेच परत येतो. बोंडातली वाटणी हेच सगळ्याचं कारण, असं म्हणायचा मोह होतो, आणि तसं म्हणणारे जाणकार आहेतही. पण चीनच्या यांगत्से खोऱ्यातलं उदाहरण आडवं येतं. तिथे शेतकऱ्यांनी संकरित बीटीची दुसरी पिढी, एफ-टू, पेरली. त्यात चौथा हिस्सा झाडं आपोआप बिनबीटीची. त्या झाडांवर साध्या अळ्या जगल्या, त्यांचे पतंग प्रतिकारवाल्यांशी जुळले, आणि प्रतिकार मागे हटला. 2017 मध्ये हे प्रसिद्ध झालं. तिथल्या बोंडांतही मिसळ सरक्या होत्याच. अमेरिकेत दोन्ही प्रती असलेलं सरळ वाण, जोडीला वांझ पतंग सोडण्याची मोहीम, आणि 2018 मध्ये तिथल्या कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याची घोषणा झाली. म्हणजे मला तरी वाटतं, आपल्याकडे अर्ध्या मात्रेपेक्षा मोठं दुखणं होतं आश्रय पिकाचं. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत नॉन-बीटीची 120 ग्रॅमची पुडी यायची, ती बांधाला पेरायची होती. ती कुठे गेली हे वर्गात विचारलं की सगळे खाली बघतात. आता नॉन-बीटी पाकिटातच मिसळून देतात, माणसावर सोपवत नाहीत.

गेल्या वर्षी राळेगावकडचा एक पोरगा वर्ग संपल्यावर थांबला. त्याचं म्हणणं, दोन्ही प्रतींचं सरळ वाण सगळ्यांनी लावलं, तर कोरी सरकीच राहणार नाही, बियाणंही घरचं ठेवता येईल. मग हे आता का करायचं नाही? मी म्हटलं, सरळ वाणावर काम झालं आहे, आणि बियाण्याच्या खर्चासाठी ते मला पटतं. पण अळीसाठी वेळ निघून गेली. जिच्या कुलपाच्या दोन्ही प्रती बिघडल्या, तिला विषाची दुप्पट मात्रा काय आणि दसपट काय. आता उरलं ते सापळे, अळीच्या अंड्यांवर जगणारी परजीवी माशी सोडायचं ट्रायकोकार्ड आणि डिसेंबरात पऱ्हाटी उपटणं, म्हणजे अळीला पुढच्या हंगामापर्यंत खायलाच राहणार नाही. ट्रायकोकार्डवरच्या माशीचं त्याला अप्रूप वाटलं: तिचे नर बिनबापाचे, एकाच संचाचे, सगळंच अर्धं म्हणून कशाचीच भरपाई करावी लागत नाही.

उपटण्याचं मात्र पटलं नाही. "बाबा नाही ऐकत मॅडम. फरदडीचे दोन वेचे निघते जानेवारी-फेब्रुवारीत, माही परीक्षेची फी त्यातूनच भरली." शेजारच्याच्या वावरात पाणी आहे, तोही फरदड घेतो, म्हणजे पऱ्हाटी न उपटता आणखी वेचे काढतो, याने एकट्याने उपटून अळी थांबणार नाही, हेही त्याने मला हिशेब करून सांगितलं. पतंग धुरा ओलांडतोच. मी त्याला म्हटलं, घरी हा हिशेब दोघा बापांना एकत्र बसवून सांग. तो म्हणाला, ते दोघं बांधाच्या भांडणापासून बोलत नाहीत.